कुत्र्यासाठी सॉफ्ट टॉय घेताय? आधी खेळण्याच्या पोटात काय आहे ते बघा

असा रील तुम्हीही पाहिला असेल. नव्याकोऱ्या टेडीवर लॅब्रॅडॉरचं पिल्लू झडप घालतं, मान जोरजोरात झटकतं, दोन मिनिटांत टेडीचं पोट फाडतं आणि सोफ्यापासून दारापर्यंत पांढरा कापूस पसरतो. मागे घरातल्यांच्या हसण्याचा आवाज. खाली कमेंटमध्ये हसणाऱ्या इमोजींची रांग.

रील तिथे संपतो. त्या कापसातला किती परत गोळा झाला आणि किती पिल्लाच्या पोटात गेला, हे कुणी बघत नाही. टेडीच्या आतली वाजणारी पिपाणी सापडली का, त्याचा एक डोळा कुठे गेला, हेही कुणी विचारत नाही. बऱ्याचदा काही होत नाही. थोडासा कापूस शीवाटे बाहेर पडतो आणि विषय मिटतो. पण जेव्हा होतं, तेव्हा प्रकरण थेट ऑपरेशनपर्यंत जातं.

मग कुत्र्याला सॉफ्ट टॉय द्यायचंच नाही का? जरूर द्या. कोणतं द्यायचं, कसं द्यायचं आणि मुख्य म्हणजे कधी काढून घ्यायचं, हे मात्र माहीत असायला हवं. तेच या लेखात समजून घेऊया.

कुत्र्यांना मऊ खेळणी इतकी का आवडतात?

कुत्रा हा शिकारी प्राण्याचा वंशज आहे. शिकारीचा एक क्रम असतो. शोधायचं, नजर रोखायची, पाठलाग करायचा, पकडायचं, झटकून मारायचं, फाडायचं आणि खायचं. माणसाने वेगवेगळ्या कामांसाठी कुत्र्यांच्या जाती तयार केल्या, तसा हा क्रम प्रत्येक जातीत थोडा बदलला. मेंढ्या राखणाऱ्या बॉर्डर कोलीत नजर रोखणं आणि पाठलाग करणं पक्कं राहिलं. रिट्रीव्हरला शिकाऱ्याने पाडलेला पक्षी न चावता उचलून आणायला तयार केलं गेलं. टेरियर तर उंदीर-घुशी मारायलाच पाळले जायचे, त्यामुळे पकडून झटकणं त्यांच्या रक्तातच आहे.

आता सॉफ्ट टॉयकडे बघा. ते लहान प्राण्याएवढं असतं, केसाळ असतं, तोंडात सहज मावतं आणि झटकलं की हलतं. चावल्यावर चूं-चूं आवाज आला, तर मग विचारायलाच नको. म्हणजे कुत्रा टेडी फाडतो तेव्हा तो वेडेपणा करत नाही की तुमच्यावर राग काढत नाही. त्याच्या स्वभावात जे आहे तेच तो करतो.

खेळणी कुत्र्याच्या डोक्यालाही काम देतात. याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे अमेरिकेतली चेझर ही बॉर्डर कोली कुत्री. दक्षिण कॅरोलिनातल्या वॉफर्ड कॉलेजचे निवृत्त मानसशास्त्राचे प्राध्यापक जॉन पिली यांनी तिला तीन वर्षांत १,०२२ वस्तूंची नावं शिकवली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधानुसार यातली ८०० हून अधिक खेळणी कापडी प्राणी होती. नाव घेतलं की ढिगाऱ्यातून नेमकं तेच खेळणं चेझर उचलून आणायची. सगळे कुत्रे इतके हुशार नसतात. पण यातून एक गोष्ट कळते. चेझरच्या तोंडात शेकडो सॉफ्ट टॉय गेली, तरी हा फाडाफाडीचा खेळ नव्हता. समोर माणूस होता आणि खेळाला नियम होते.

धोका नेमका कुठे असतो?

बहुतेक सॉफ्ट टॉयचं कापड तसं निरुपद्रवी असतं. अडचण होते ती त्याच्यावर लावलेल्या आणि आत भरलेल्या वस्तूंमुळे. त्या एकेक बघूया.

डोळे, नाक, बटणं: प्लास्टिकचे किंवा काचेसारखे दिसणारे डोळे कुत्रा बहुतेक वेळा सगळ्यात आधी उपटतो. लहान कुत्र्याच्या घशात ते अडकू शकतात.

स्क्वीकर: म्हणजे आतली प्लास्टिकची छोटी पिपाणी. आवाज कुठून येतो हे शोधायला कुत्रा पोट फाडतो आणि ती सापडली की अनेकदा गिळतो. छोट्या आतड्यात अडकायला तिचा आकार पुरेसा असतो.

आतला कापूस: आपण कापूस म्हणत असलो तरी तो सहसा पॉलिस्टरचा धागा असतो. तो पोटात पचत नाही. थोडा गेला तर शीतून निघतो. मोठा गोळा गेला तर आतड्यात बोळा बसतो.

थर्माकोलचे दाणे: काही खेळण्यांत आणि उशांमध्ये बीन बॅगसारखे दाणे असतात. शिवण उसवली की ते घरभर होतात आणि कुत्र्याच्या नाकातोंडात जातात.

रिबन, लोकर, दोरा, शेपटी: हा प्रकार दिसायला सर्वांत साधा, पण डॉक्टर ज्याला सर्वांत जास्त घाबरतात तो हाच. कारण पुढे वाचा.

बॅटरी आणि चुंबक: गाणं म्हणणाऱ्या किंवा दिवे लागणाऱ्या खेळण्यात घड्याळात असते तशी चपटी बटण बॅटरी असते. ती अन्ननलिकेत अडकली तर थोड्याच वेळात आतून भाजायला सुरुवात होते. दोन चुंबक गिळले गेले, तर आतड्याच्या दोन पदरांना मधे धरून ते एकमेकांना चिकटतात आणि तिथे भोक पडू शकतं. अशी खेळणी कुत्र्याला कधीच देऊ नका.

दोरा इतका धोकादायक का?

लेंग्याची नाडी ओढली की नेफ्याला चुण्या पडतात. पोटात तसंच होतं. दोऱ्याचं एक टोक जिभेखाली किंवा जठराच्या तोंडाशी अडकतं आणि दुसरं टोक आतड्यात पुढे सरकत राहतं. आतडं ते पुढे ढकलायचा प्रयत्न करतं आणि स्वतःच त्या दोऱ्यावर गोळा होत जातं. ताणलेला दोरा आतड्याला आतून कापू लागतो. आतडं फाटलं तर आतली घाण पोटात पसरते आणि जीवघेणा संसर्ग होतो.

म्हणूनच कुत्र्याच्या तोंडातून किंवा शीच्या जागेतून दोरा लोंबताना दिसला तर तो कधीही ओढू नये. दुसरं टोक कुठे अडकलंय हे तुम्हाला दिसत नसतं. कापूही नका. कुत्र्याला तसंच डॉक्टरकडे न्या.

घरातला मुलांचा जुना टेडी दिला तर चालेल का?

हा प्रश्न जवळपास प्रत्येक घरात येतो. माळ्यावर टेडी पडलेलाच असतो, मग नवीन कशाला घ्यायचं?

भारतात लहान मुलांच्या खेळण्यांसाठी कायदेशीर नियम आहेत. खेळणी (गुणवत्ता नियंत्रण) आदेश, २०२० हा १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. त्यानुसार १४ वर्षांखालील मुलांसाठीच्या खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे. पण आदेशातली खेळण्याची व्याख्या मुलांपुरतीच आहे. कुत्र्यांची खेळणी त्यात येत नाहीत.

याचे दोन अर्थ निघतात. पहिला, मुलांचं खेळणं मुलांच्या हाताचा विचार करून तपासलेलं असतं. मूल डोळा ओढेल, तोंडात घालेल, इथपर्यंत ठीक. पण दाढांखाली धरून दहा मिनिटं चावण्याचा विचार त्यात केलेला नसतो. म्हणजे मार्क असलेला टेडीही कुत्र्यासाठी सुरक्षित असेलच असं नाही. दुसरा, कुत्र्यांच्या खेळण्यावर ‘डॉग सेफ’, ‘नॉन टॉक्सिक’, ‘चावलं तरी तुटणार नाही’ असं छापलेलं असलं, तरी त्यामागे मुलांच्या खेळण्यांसारखा सक्तीचा शिक्का नसतो. तो कंपनीचा दावा असतो. काही कंपन्या चांगला माल बनवतातही. तरी तपासणी तुम्हालाच करायची आहे.

जुना टेडी द्यायचाच असेल, तर डोळे, नाक, बटणं, रिबन, टॅग सगळं कात्रीने काढून टाका. आत काही वाजतंय का, कडक काही लागतंय का, हे दाबून बघा. आणि एक लक्षात ठेवा. घरात लहान मूल असेल तर कुत्र्याला ‘हा टेडी माझा आणि तो बाळाचा’ हे आपोआप कळत नाही. दोघांची खेळणी दिसायला आणि ठेवायला वेगळी असलेली बरी.

आधी तुमचा कुत्रा ओळखा

खेळणं निवडताना सगळे विचारतात, ‘कोणतं चांगलं?’ त्याआधी विचारायचा प्रश्न आहे, ‘माझा कुत्रा खेळण्याचं काय करतो?’ साधारण चार प्रकार दिसतात.

१. मिरवणारा: खेळणं तोंडात धरून घरभर फिरतो, पाहुणा आला की त्याला नेऊन दाखवतो, रात्री त्यावर डोकं ठेवून झोपतो. अशा कुत्र्याला साधं, चांगल्या शिवणीचं सॉफ्ट टॉय महिनोन्‌महिने पुरतं.

२. झटकणारा: मान हलवून खेळणं जमिनीवर आपटतो. याला लांबट, आत कापूस कमी असलेलं किंवा अजिबात नसलेलं खेळणं चांगलं. डोळे वगैरे काहीच नको.

३. फाडणारा: शिवण शोधतो, पायाखाली धरतो आणि पद्धतशीर पोट उघडतो. याला सॉफ्ट टॉय फक्त तुम्ही समोर असताना. एरवी चावायला जाड रबराचं खेळणं द्या, ज्यात खाऊ भरता येतो.

४. गिळणारा: फाडलेलं थुंकत नाही, खातो. मोजे, रुमाल, चिंध्या गिळण्याचा इतिहास असतो. अशा कुत्र्याला सॉफ्ट टॉय देऊच नका. यात त्याच्यावर अन्याय होत नाही. दोरीखेच, चेंडू, वास शोधायचे खेळ, असं करण्यासारखं बरंच आहे.

जातीवरून थोडा अंदाज येतो, पण भरवसा ठेवता येत नाही. लॅब्रॅडॉर प्रेमळ म्हणून ओळखला जातो, आणि नको ते गिळण्यासाठीही. आपल्याकडचे देशी कुत्रे चारही प्रकारांत सापडतात. म्हणून पहिले काही दिवस नुसतं निरीक्षण करा.

पिल्लांचं काय?

पिल्लाला दुधाचे २८ दात असतात. साधारण चौथ्या महिन्याच्या आसपास ते पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत मोठ्या कुत्र्याचे ४२ दात येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात आणि पिल्लू दिसेल ते चावतं. खुर्चीचा पाय, चप्पल, चार्जरची वायर, काहीही.

मऊ खेळणं या वयात उपयोगाचं ठरतं. जुन्या टॉवेलची गाठ मारून, पाण्यात भिजवून, फ्रीजमध्ये थंड करून दिली तरी हिरड्यांना आराम मिळतो. पण याच वयात गिळण्याचा धोकाही जास्त असतो, कारण काय खायचं आणि काय नाही हे पिल्लाला अजून कळत नाही. सवयी लागण्याचंही वय हेच. टेडी फाडल्यावर सगळे हसले, मोबाईल घेऊन धावत आले, तर पिल्लू त्यातून एवढंच शिकतं की फाडलं की सगळे खूश होतात.

पहिल्यांदा घरी आलेलं पिल्लू रात्री रडतं, तेव्हा आईच्या आणि भावंडांच्या वासाचं फडकं किंवा खेळणं जवळ असलं तर त्याला धीर येतो. पिल्लू आणायला जाताना एक स्वच्छ फडकं घेऊन जा आणि आईच्या अंगावरून फिरवून आणा. बिनखर्चाचा उपाय आहे.

कुत्री खेळण्याला पिल्लासारखं सांभाळत असेल तर?

नसबंदी न केलेल्या कुत्रीच्या बाबतीत हे दिसतं. माज येऊन गेल्यावर दोन-अडीच महिन्यांच्या आत ती एखादा टेडी कुशीत घेऊन बसते, त्याला चाटते, कुणी जवळ आलं की गुरगुरते. कधीकधी तिला दूधही येतं. याला खोटं गाभणपण म्हणतात. शरीरातल्या हार्मोनच्या चढउतारामुळे हे होतं आणि बहुतेक वेळा दोन-तीन आठवड्यांत आपोआप ओसरतं.

या काळात खेळणं हिसकावून घेऊ नका, चावा बसू शकतो. ती फिरायला गेली असताना ते हळूच नजरेआड करा, तिला दुसऱ्या गोष्टीत गुंतवा. दूध येत असेल, स्तन कडक किंवा गरम लागत असतील, खाणं बंद झालं असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

विकत घेताना काय बघायचं?

आकार: खेळणं कुत्र्याच्या तोंडापेक्षा मोठं हवं. अख्खं खेळणं सुळ्यांच्या मागे जात असेल, तर ते लहान आहे. घरात दोन कुत्रे असतील तर मोठ्या कुत्र्याच्या तोंडावरून आकार ठरवा.

डोळे-नाक: धाग्याने भरलेले, म्हणजे भरतकामाचे असावेत. चिकटवलेले किंवा ठोकलेले नकोत.

शिवण: दोन्ही हातांनी कापड ताणून बघा. फटीतून आतलं दिसत असेल तर परत ठेवा. दुहेरी शिवण आणि जाड कापड जास्त टिकतं.

केस: फार लांब केस नकोत. कुत्रा ते उपटून गिळतो. हाताने चिमटीत धरून ओढून बघा.

आतला माल: फाडणाऱ्या कुत्र्यासाठी कापूस नसलेली, चपटी खेळणी मिळतात, ती बरी.

आवाज: स्क्वीकर असेल तर तो वेगळ्या कापडी खिशात शिवलेला आहे का, ते दाबून बघा. आवाजाने तुमचा कुत्रा बेभान होत असेल, तर बिनआवाजाचं घ्या.

वास आणि रंग: पाकीट उघडल्यावर रसायनाचा उग्र वास आला किंवा ओल्या पांढऱ्या रुमालाने घासल्यावर रंग लागला, तर ते देऊ नका.

ऑनलाइन घेताना फोटोवर जाऊ नका. सेंटीमीटरमध्ये दिलेलं माप पट्टीवर बघा. रिव्ह्यूमध्ये फाटलेल्या खेळण्याचे फोटो शोधा, त्यातून आत काय भरलंय ते कळतं. घरी आल्यावर टॅग, प्लास्टिकच्या पिना आणि दोरे कापूनच कुत्र्यापुढे ठेवा.

खेळायचं कसं?

सॉफ्ट टॉय ही कुत्र्यासोबत खेळायची वस्तू आहे. ऑफिसला जाताना ‘हे घे आणि खेळत बस’ म्हणून सोडून जायची वस्तू नाही. एकटा कुत्रा कंटाळतो, कंटाळला की चावतो, आणि तो फाडायला लागला तर थांबवायला घरात कुणी नसतं. मिरवणाऱ्या प्रकारातल्या, अनेक महिने खेळणं शाबूत ठेवलेल्या कुत्र्याचा अपवाद करता येईल. बाकीच्यांसाठी खेळ संपला की खेळणं कपाटात.

कपाटात ठेवण्याचा आणखी एक फायदा आहे. ब्रिटनमधल्या संशोधकांनी लॅब्रॅडॉर कुत्र्यांवर केलेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की तेच खेळणं पुन्हा पुन्हा समोर ठेवलं की कुत्र्याचा रस संपतो आणि नवीन दिलं की तो लगेच परत येतो. म्हणून दहा खेळणी जमिनीवर पसरून ठेवण्यापेक्षा दोन बाहेर ठेवा, बाकीची कपाटात. चार-पाच दिवसांनी अदलाबदल करा. जुनंच खेळणं त्याला नवीन वाटतं आणि तुमचा खर्चही वाचतो.

‘सोड’ हा शब्द शिकवा. तोंडातलं खेळणं ओढून घेतलं की कुत्र्याला दोनच गोष्टी सुचतात. घट्ट धरायचं किंवा पटकन गिळायचं. अनेक खेळण्यांचे तुकडे असे घाईत गिळले जातात. त्याऐवजी अदलाबदल करा. नाकासमोर खाऊ धरा, तोंड उघडलं की ‘सोड’ म्हणा, खाऊ द्या आणि खेळणंही परत द्या. आठवडाभर रोज पाच मिनिटं केलंत तर बऱ्याच कुत्र्यांना हा सौदा कळतो. ‘सोडलं तरी माझं काही जात नाही’ हा विश्वास त्यातून तयार होतो.

खेळण्याजवळ गेल्यावर कुत्रा अंग ताठ करत असेल, गुरगुरत असेल, तर लहान मुलांना तिथे जाऊ देऊ नका आणि प्रशिक्षकाची मदत घ्या. गुरगुरण्याबद्दल मारू नका. मार बसला तर कुत्रा पुढच्या वेळी न गुरगुरता थेट चावतो.

दिवाळीत फटाक्यांना घाबरणाऱ्या कुत्र्याला आवडतं खेळणं जवळ असलं की बरं वाटतं. पण घाबरलेला कुत्रा जोरात चावतो, हे विसरू नका. त्या वेळी त्याच्याजवळ थांबा.

कधी फेकून द्यायचं?

सॉफ्ट टॉय कायमचं टिकत नाही. रोज खेळ संपल्यावर हातात घेऊन दहा सेकंद बघा. शिवण उसवली आहे का? कापूस दिसतोय का? डोळा, कान, शेपटी शाबूत आहे का? छोटं भोक असेल तर शिवता येईल, पण शिवल्यावर लोंबणारा दोरा कापा. तुकडा कमी वाटला तर तो शोधा. सापडला नाही, तर तो पोटात गेला असं धरून चाला.

तीनदा शिवलेलं खेळणं चौथ्यांदा शिवू नका. टाकून द्या.

धुवायचं कसं?

अमेरिकेतल्या एनएसएफ इंटरनॅशनल या संस्थेने २०११ मध्ये २२ कुटुंबांच्या घरातल्या वस्तू तपासल्या. सर्वाधिक जंतू सापडलेल्या दहा गोष्टींच्या यादीत पाळीव प्राण्यांची खेळणीही होती. लाळ, धूळ, खाण्याचे कण आणि ओल एकत्र आल्यावर दुसरं काय होणार?

आठवड्यातून एकदा गरम पाण्यात, सौम्य आणि बिनवासाच्या साबणाने धुवा. मशीनमध्ये टाकायचं असेल तर जुन्या उशीच्या अभ्र्यात घालून टाका. साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळा, कारण कुत्रा ते तोंडात घेणार आहे. फिनेल किंवा कपड्यांचं सुगंधी कंडिशनर वापरू नका.

खरी कसोटी पावसाळ्यात. कोकणात आणि मुंबईत जुलैमध्ये सॉफ्ट टॉय आतून वाळतच नाही. बाहेरून कोरडं लागतं आणि आत बुरशी धरते. त्या दिवसांत कापूस नसलेली पातळ खेळणी वापरा, पंख्याखाली दोन दिवस वाळवा. दाबल्यावर कुबट वास आला तर सरळ टाकून द्या.

घरी बनवता येईल का?

येईल, आणि सोपं आहे. जुन्या सुती टी-शर्टच्या तीन रुंद पट्ट्या कापा, घट्ट वेणी घाला, दोन्ही टोकांना जाड गाठ मारा. दोरीखेच खेळायला हे उत्तम. जुन्या जीन्सचं कापडही चालतं. कडेचे दोरे निघायला लागले की कापत राहा, वेणी सुटली की नवीन बनवा.

मोजे मात्र वापरू नका. कुत्रे गिळतात त्या वस्तूंमध्ये मोजे नेहमीच पुढे असतात. शिवाय एक मोजा खेळायला दिला की बाकीचे मोजे का नाहीत, हे कुत्र्याला कळायचा मार्ग नाही. नायलॉनच्या साडीचे तुकडे, लोकर, सुतळी हेही नको.

सोसायटीतल्या किंवा रस्त्यावरच्या कुत्र्यांना जुने टेडी देण्याची पद्धत अलीकडे दिसते. भावना चांगली आहे, पण तिथे फाटलेलं उचलायला कुणी नसतं. त्यापेक्षा पावसात कोरडं पोतं आणि भांड्यात स्वच्छ पाणी त्यांना जास्त उपयोगी पडेल.

खेळण्याचा तुकडा गिळला तर?

आधी श्वास बघा. कुत्रा पंजाने तोंड ओरबाडतोय, श्वास घेता येत नाहीये, हिरड्या निळसर दिसतायत, तर वस्तू घशात अडकली असू शकते. तोंड उघडून वस्तू समोर दिसत असेल आणि नीट पकडता येत असेल तरच काढा. आंधळेपणाने बोटं घातली तर ती आणखी आत जाते. कुत्र्याला अशा वेळी छातीमागे पोटावर दाब कसा द्यायचा, हे तुमच्या डॉक्टरांकडून आधीच शिकून ठेवा.

श्वास व्यवस्थित असेल तर लगेच डॉक्टरांना फोन करा. काय गिळलं, किती, कधी, आणि कुत्र्याचं वजन किती हे सांगा. उरलेलं खेळणं सोबत न्या. गिळून फार वेळ झाला नसेल आणि वस्तू मऊ असेल, तर डॉक्टर इंजेक्शन देऊन उलटी करवू शकतात. वस्तू जठरात असेल तर काही ठिकाणी दुर्बिणीने, म्हणजे एंडोस्कोपीने, काढता येते. आतड्यात उतरून अडकली तर ऑपरेशन. म्हणून पहिले काही तास महत्त्वाचे.

घरी काय करू नये? मिठाचं पाणी पाजू नका, त्याने मिठाची विषबाधा होऊ शकते. एरंडेल किंवा पोट साफ करायचं औषध देऊ नका. रस्ता बंद असताना मागून जोर लावल्यासारखं होतं. माणसांची वेदनाशामक गोळी तर अजिबात नको.

गिळताना पाहिलं नसेल तर या लक्षणांवर लक्ष ठेवा: पुन्हा पुन्हा उलट्या, खाणं सोडणं, पाणीही न टिकणं, पोटाला हात लावू न देणं, शी न होणं किंवा नुसतं कुंथणं, मलूल पडून राहणं. ही लक्षणं काही तासांत दिसू शकतात, काही दिवसांनीही दिसू शकतात. जठरात पडून राहिलेला कापडाचा तुकडा तर कित्येक आठवडे गप्प राहून मग आतड्यात उतरू शकतो.

एक्स-रेमध्ये कापड आणि कापूस नेहमी स्पष्ट दिसत नाहीत. त्यामुळे डॉक्टर सोनोग्राफी किंवा विशिष्ट औषध पाजून पुन्हा एक्स-रे काढायला सांगतात. हा खर्च वाढवायचा प्रकार नसतो, त्यामागे कारण असतं.

रात्री-अपरात्री धावपळ होऊ नये म्हणून तुमच्या भागातल्या दवाखान्याचा नंबर आणि वेळा आजच मोबाईलमध्ये ठेवा. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल आहे, ज्याला जुने मुंबईकर बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात. मुंबई, नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. जवळचा पर्याय कोणता, तिथे सोनोग्राफी आणि ऑपरेशन होतं का, रात्री कोण असतं, हे गरज पडण्याआधी एकदा विचारून ठेवा.

थोडक्यात काय?

दीडशे-दोनशे रुपयांचं खेळणं दोन दिवसांत फाटलं तर वाईट वाटतं, आणि ‘अजून थोडे दिवस चालेल’ म्हणून आपण ते तसंच राहू देतो. अडचण बहुतेक वेळा इथेच सुरू होते. फाटलेलं खेळणं टाकायला खर्च येत नाही. पोटात गेलेला तुकडा काढायचा खर्च हजारांत जातो, आणि तो सोसायला कुत्रा पोटावर टाके घेऊन पडलेला असतो.

पुढच्या वेळी टेडी फाडण्याचा रील करायचा मोह झाला, तर जरूर करा. मग मोबाईल बाजूला ठेवून खाली बसा. कापूस गोळा करा. दोन डोळे मोजा. पिपाणी शोधा. सगळं सापडलं की मगच पोस्ट करा.